दादांसाठी निवडलेली बीअर

बीअर म्हणजे पाणी. बाकीचं सगळं नंतर. मी असं म्हटलं की लोक हसतात, कारण म्हणणारी बाई साठीला आलेली, कपाळावर टिकली, हातात भाजीची पिशवी. हसा बापडे. पंचवीस वर्षं मी औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीत एका बीअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, आणि रोज सकाळी माझं पहिलं काम पाणी चाखायचं असायचं. बीअर नाही, पाणी. आदल्या दिवशी कांदा-लसूण नाही, सकाळी चहा नाही, केसांना वासाचं तेल नाही. बाटलीत अर्धं पाणी घ्यायचं, बूच लावून हलवायचं, बूच काढून आधी नाक लावायचं आणि मग जीभ. क्लोरीन आहे का, लोखंड आहे का, शेवाळ आहे का. माझ्या जिभेनं नाही म्हटलं की अख्खी टाकी अडायची. इंजिनियर लोक तोंडं वाकडी करायचे, पण अडायची.

घरी मात्र सगळी झाकपाक. माझं सासर भटजींचं. सासरे पूजा सांगायचे, त्यांची दोन्ही पोरं कचेऱ्यांत लागली, पण घरातलं सोवळं काही गेलं नव्हतं. सासूबाईंची शेवटपर्यंत समजूत होती की सून औषधाच्या कंपनीत आहे. मी कारखान्यातून टाकाऊ तपकिरी बाटल्या घरी आणायचे, त्याही त्यांना औषधाच्याच वाटायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही हकीकत आहे दादांची, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची. ते राहतात सिडकोत, आम्ही पुंडलिकनगरला. अधूनमधून अवचित यायचे, खुर्चीच्या कडेला बसायचे, पोरांची चौकशी करायचे आणि उठून जायचे. सासूबाईंच्या तेराव्यापासून त्यांनी आमच्या घरात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चहा नाही, सरबत नाही, दिवाळीचा लाडू नाही. पुढं केलेला पेला हातानं बाजूला सारायचे, "आत्ताच घेतलं" म्हणायचे. एवढ्या उन्हातून आलेला माणूस, ओठ सुकलेले दिसायचे, आणि आत्ताच घेतलं म्हणे! आमच्या ह्यांना ते फार लागायचं. ह्यांची बायपास झाली तेव्हा शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "दादानं एकदा आपल्या घरात घोटभर काही घेतलं ना, की मी सुटलो." मी तोंड फिरवलं, कारण दादा का घेत नाहीत ते मला माहीत होतं, निदान माहीत आहे असं मी समजत होते. दोन सख्ख्या भावांमध्ये मी पाचर मारली होती, तीही एका खोट्यानं.

सासूबाई गेल्या ते वर्ष टँकरचं होतं. धरणात गाळ उघडा पडला होता, शहरात आठ-आठ दिवसांनी नळ यायचा, आणि कधी यायचा ते कुणाच्या बापाला ठाऊक नसायचं. शहर तर वाढतच होतं. आमच्या गल्लीतली बसकी घरं पाडून चार-चार मजले उठत होते, प्रत्येक मजल्यावर काळ्या टाक्या, आणि टाक्यांत वारा. कारखान्याचंही पाणी तोडलं होतं. तरी शेजारणी मला जिन्यात गाठून विचारायच्या, "माणसाला प्यायला नाही, अन् तुमच्या दारूला बरं मिळतं?" काय सांगणार! घरात पाण्याची मालकीण मीच. बाथरूममध्ये दोन निळी पिंपं, दिवाणाखाली चाळीस तपकिरी बाटल्या, आणि कुणी कशाला किती घ्यायचं ते मी ठरवायचे. भाज्या धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांचं पाणी संडासात. ह्यांनी एकदा दोन तांबे जास्त घेऊन अंघोळ केली तर मी आठ दिवस बोलले नाही.

सासूबाई तेव्हा जागेवर होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पुढच्या खोलीत पलंग टाकला होता. मी कारखान्यात, हे कचेरीत, म्हणून दुपारचं बघायला दादा रजा टाकून येऊन बसायचे. एका दुपारी, दादा जवळ असतानाच, त्या गेल्या. मला फोन आला तेव्हा मी कारखान्यातच होते.

आमच्यात घरात कुणी गेलं की भरलेलं पाणी ओतून देतात. माठ, कळशी, पिंप, सगळं रिकामं करायचं. माणूस जिवंत असताना भरलेलं पाणी मागं ठेवायचं नाही, नाहीतर गेलेल्याचा पाय निघत नाही, असं म्हणतात. मी विज्ञानाची पदवीधर. नळाला अजून पाच दिवस होते. तेरा दिवस माणसं येणार-जाणार, त्यांना काय पाजू, माझं कपाळ? दादांनी दारातून विचारलं, "पाणी ओतलंस का गं?" मी हो म्हटलं. आत जाऊन मोरीत एक बादली धुण्याचं पाणी दणदणीत आवाज करून ओतलं. पिंपांवर झाकणं घातली, वर पाट ठेवले. ते पाणी पुढचे तेराही दिवस सगळे प्यायले. नळ आला की मी त्यातच भर घालायचे, कारण पिंप तळापर्यंत रिकामं करायची ऐपत कुणाची होती?

सासूबाई स्वतःच्या तांब्यात वाळा घालायच्या. वाळ्याची जुडी शहागंजातून यायची, ओली झाली की मातीचा गोड वास सुटायचा. त्या गेल्यावर तो तांब्या मी घासून वर ठेवला होता आणि जुडी टाकून दिली होती. बाराव्या दिवशी सकाळी मी पिंपातलं पाणी प्यायले आणि जिभेवर वाळा आला. अगदी शेवटी, घोट गिळल्यावर. मला वाटलं भास असेल, म्हणून रीतसर बघितलं. बाटली, बूच, हलवणं, नाक, जीभ. पुन्हा वाळा. पिंपात हात घालून तळ चाचपला, काही नव्हतं. एक बाटली कारखान्यात नेली. तिथल्या सहकाऱ्यानं चाखून सांगितलं, "मॅडम, साधं नळाचं पाणी आहे, थोडं शिळं." सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या सरळ आल्या. माझ्या जिभेवर मात्र वाळा तसाच.

तेराव्याच्या पंगतीत दादांच्या पानाशी मीच पेला ठेवला. त्यांनी तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. चेहरा असा पांढराफटक पडला की मला वाटलं आता हा माणूस कोसळतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पान अर्धं टाकून उठले आणि चालते झाले.  चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी ठरवूनच टाकलं की दादांना कळलं, मी पाणी ओतलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात पिंपं रिकामी केली, ब्लीचिंग घालून घासली, उन्हात पालथी घातली. मग ती विकूनच टाकली. गच्चीवर नवी टाकी बसवली, घरात फिल्टर लावला. तरी वाळा गेला नाही. रोज यायचा नाही तो. वर्षातून पाच-सहा वेळाच यायचा, सकाळच्या पहिल्या घोटाला, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दादा दारात उभे. न सांगता, न कळवता. पहिल्या दोन वेळा मला कळलं नाही. तिसऱ्या वेळेपासून मी घोट घेतला की ह्यांना सांगायचे, आज दादा येतील. हे म्हणायचे, "तुला कसं गं कळतं?" त्यांना पाण्यात काही लागायचं नाही, ना पोरांना. मी कुणाला काही बोलले नाही. पाणी चाखायची नोकरी, आणि जिभेवर भूत आहे म्हणून सांगू? घरी बसवलं असतं मला.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले. दादाही झाले, आणि सिल्लोड रोडला त्यांनी तुकडाभर जमीन घेतली. चहूबाजूंनी प्लॉटिंगच्या पाट्या, मध्ये हा माणूस विषमुक्त मेथी लावत बसलेला. रासायनिक म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. साबण शेणाचा, दात घासायला राख. ऐब म्हणाल तर एकच, शनिवारी एक बीअर. हे साऱ्या खानदानाला ठाऊक होतं आणि तोंडातून कुणी काढत नव्हतं.

त्यांची एकसष्टी आली आणि मला सुचलं. पाणी नाही ना घेत आमच्याकडं? मग सीलबंद बाटली देऊ. त्यात आमच्या घरचा थेंब नाही. सेंद्रिय धान्याची, म्हणजे बोलायला जागा नाही. आणि निवडायला माझ्याइतकी जाणती बाई शहरात नाही. आमच्या घरात बसून त्यांनी तिचा एक घोट घेतला की ह्यांचं समाधान आणि माझी सुटका. असा सगळा हिशोब.

जालना रोडला एक नवं काचेचं दुकान निघालंय, आत थंडगार, शेल्फांवर दिवे. मी गेले तर मालक म्हणाला, "मावशी, मेडिकल बाजूला आहे." मी म्हटलं, "मेडिकल दिसतंय मला. सेंद्रिय बीअर दाखवा." त्याचा आ वासला. तीन प्रकार निघाले. मी चष्मा लावून लेबलं वाचायला लागले. जव सेंद्रिय, हॉप्स म्हणजे कडूपणासाठी घालतात ती फुलं, तीही सेंद्रिय, सगळ्याला प्रमाणपत्रं. पाण्याबद्दल मात्र एका अक्षराचा पत्ता नाही.

"पाणी कुठलं?"

"मॅडम, असं कुणी विचारत नाही." मावशीची मॅडम झाले होते मी.

"म्हणूनच विचारतेय. ह्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आहे. ते कुठल्या विहिरीचं, कुठल्या टँकरचं, ते नको कळायला?"

"सगळ्या चांगल्याच आहेत. तिसरी लई जाते."

चांगल्याच आहेत म्हणे! तिन्ही घेतल्या. मागं रांगेतले दोघं मला वाट देताना उगाच अदबीनं सरकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उपाशी, स्वयंपाकघरातली खिडकी उघडी टाकून, मी तिन्ही चाखल्या. नियमानं, घोट तोंडात फिरवून थुंकून. पहिलीचं पाणी जड होतं, हॉप्सचा कडूपणा घशाला घासत होता. दुसरी साधी, सरळ. फार थोर नाही, पण खोटं काही नाही. तिसरी उत्तम निघाली. पाणी असं मऊ की आमच्या कारखान्यात आलं असतं तर मी पेढे वाटले असते. जव भाजल्याचा वास नेमका, फेस बारीक. मी खूष झाले आणि त्या खुषीत नियम मोडून एक घोट गिळला.

गिळल्यावर वाळा आला.

मी पेला खाली ठेवला.  खिडकीबाहेर सिमेंटचा मिक्सर घरघरत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं, ऐन दिवसाची वेळ, आणि मी स्वतःच्या ओट्याशी भिंतीला पाठ लावून उभी. शेकडो कोसांवर कुठंतरी बाटलीत भरलेलं ते पाणी. ते आमच्या घराच्या पाण्याला कुठं भेटलं? तोंड धुतलं, अर्ध्या तासानं परत गेले. परत वाळा. मग मात्र मला भीतीपेक्षा रागच आला. मी मोठ्यानं म्हणाले, "सासूबाई, आता पुरे. मला माझी चूक निस्तरू द्या." घरात कुणी नव्हतं. बाटलीतला फेस हळूहळू बसत होता, तेवढाच आवाज.

तिसरी मोरीत ओतली, दुसरी नक्की केली. तिच्यात काही नव्हतं, मी तीनदा गिळून बघितलं. त्याच प्रकारच्या दोन नव्या बाटल्या आणल्या, कोऱ्या खणात बांधल्या. बीअर खणात बांधणारी मी पहिलीच असेन.

एकसष्टीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या घोटाला वाळा होताच. एवढा दाट कधीच नव्हता, पाणी नाही काढाच जणू. दुपारी चारला दादा आले. ह्यांनी नमस्कार केला, मी ओवाळलं. हे खाली फरसाण आणायला गेले आणि मी खण पुढं केला. दादांनी गाठ सोडली, बाटल्या बघितल्या आणि चक्क हसले.

"अगं, तुला कुणी सांगितलं?"

"साऱ्या गावाला माहीत आहे, दादा. सेंद्रिय आहे. मी स्वतः चाखून निवडलीय."

"घरी नेतो."

"नाही. इथंच उघडा. आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही, हे बाहेरचं आहे. एक घोट. ह्यांच्यासाठी."

त्यांचं हसू मावळलं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मी उघडून पेल्यात ओतली. ओतताना मी वास घेतला, काही नव्हतं, देवाशपथ. दादांनी पेला उचलला, ओठांशी नेला, आणि थांबले. मला तेराव्याची पंगत आठवली.

"वाळा घातलास?" त्यांनी विचारलं.

 मी समोर खालीच बसले. म्हणजे हा वास दादांनाही येत होता. इतकी वर्षं ह्या घरात आम्हा दोघांनाच तो येत होता. मी पेला त्यांच्या हातातून घेतला, नाकाशी धरला. वाळा, नुकत्या भिजवलेल्या जुडीसारखा.

मग मी सांगून टाकलं. "दादा, मी पाणी ओतलं नव्हतं. तुमच्याशी खोटं बोलले. सगळ्यांना तेच पाजलं. म्हणून त्या गेल्या नाहीत. तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही आमच्याकडं घेत नाही. माझी चूक आहे, ह्यांची नाही. ह्यांना शिक्षा नका करू."

दादा म्हणाले, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मोरीत साबणाचा फेस होता, प्यायच्या पाण्याला कुठून येणार? मला बरंच वाटलं, पाणी वाचलं म्हणून. तुझ्यावर मी कधीच रागावलो नाही."

"मग?"

त्यांनी पुढच्या खोलीतल्या त्या कोपऱ्याकडं बघितलं, जिथं पलंग होता. आता तिथं टीव्ही आहे. मग ते बोलले, एकसुरात, पाठ केलेलं म्हणावं तसं.

"त्या दुपारी तिनं पाणी मागितलं. मी अर्धं फुलपात्र दिलं. ती म्हणाली, अजून. मी म्हटलं, आई, नळाला पाच दिवस आहेत, जरा दम धर. ती बरं म्हणाली. मी पेपर वाचत बसलो. पान उलटलं, बघितलं तर गेलेली. तोंड उघडं होतं." मग म्हणाले, "आणि आत दोन पिंपं भरलेली होती. तेराव्याला ते पाणी तोंडाशी आलं आणि तिचा वास आला. तिला नाही दिलं ते मी कसं पिऊ? इथं आलो की ती अजून मागते गं. म्हणून येतो. आणि म्हणून घेत नाही."

दादांना माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. ते मी ह्यांना नाही, पोरांना नाही, देवापुढंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. पाणी ओतलं नाही ह्याचीच टोचणी मी इतकी वर्षं जपली, कारण तिच्याखाली हे झाकलेलं राहत होतं. पण समोर एकसष्ट वर्षांचा माणूस लहान पोरासारखा कोपऱ्याकडं बघत होता. आता गप्प बसले असते तर मी माणूस नव्हते.

"दादा," मी म्हटलं, "त्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी त्यांच्या पलंगाशी उभी राहून सांगून गेले होते. दादांकडं सारखं पाणी मागू नका. पाणी प्यायलात की भांडं द्यावं लागतं, त्यांना अवघड होतं, आणि धुवायला परत पाणी लागतं. मी येईपर्यंत कळ काढा, असं म्हणाले होते. त्यांनी मान हलवली होती. तुम्ही अर्धं तरी दिलंत, दादा. मी तर मागायचीच बंदी घातली होती."

जिन्यात ह्यांची पावलं वाजली. दादांनी डोळे पुसले नाहीत, माझ्यावर ओरडलेही नाहीत. पेल्यातला फेस पार बसून गेला होता.

"म्हणजे तू नको सांगितलं होतंस," ते हळूच म्हणाले, "तरी तिनं दोनदा मागितलं."